नाडी आहे, नाडी नाही

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातला दिगंबर जैन समाज मुख्यतः शेतीवर जगणारा आहे. त्यामुळं अनेकान्ताचा, म्हणजे वस्तूला अनेक अंगं असतात हा जैन विचार इथं पंडितांच्या पोथीत अडकून पडलेला नाही; प्रवचनांतून, समारंभांतल्या भाषणांतून तो सगळ्यांच्या कानावर पडतो. पण पडतो तो एका मऊ अर्थानं. प्रत्येकाचं आपापल्या जागी थोडं खरं असतं, तेव्हा कुणी कुणाशी भांडू नये, असा तो अर्थ. सलोख्याला त्याचा उपयोग होतो हे मला मान्य आहे. तरीही या अर्थानं मूळ विचाराची धार बोथट केली, असं माझं मत आहे. सिद्धसेन, समन्तभद्र, अकलंक ही ज्यांनी हा विचार घडवला ती मंडळी वाद टाळणारी नव्हती. प्रतिपक्षाचं म्हणणं मुद्द्यागणिक खोडून काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या लेखी अनेकान्त ही ज्ञानाची शिस्त होती आणि ती शिस्त चांगलीच कडक होती. तिचा कस लावायचा तर मतभेदांच्या सभेत लावून चालणार नाही, जिथं चुकीची किंमत शरीराला मोजावी लागते तिथं लावायला हवा. ताकायासू आर्टरायटिस हा मोठ्या रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ दाहक आजार मला त्यासाठी निवडावासा वाटतो. हा आजार एकाच रूपात क्वचित समोर येतो, आणि त्याला ओळखायला लागणारा उशीर हा बहुतेक वेळा माहितीच्या अभावामुळं होत नाही. माहिती असते, तिचे तुकडे एकमेकांना भेटत नाहीत.

या आजारात हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या भिंतींना सूज येते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते, कुठं पार बंद होते, तर कुठं भिंत कमकुवत होऊन फुगते. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच धमनीवर उलटते एवढं दिसतं. ती का उलटते याचं पक्कं उत्तर आजही नाही. एचएलए-बी५२ या जनुकीय खुणेशी संबंध जपानमध्ये आणि भारतातही आढळला आहे. क्षयरोगाशी नातं असावं हा संशय अनेक दशकांचा आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतले आणि त्यांत बायका जास्त. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञानं २१ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं एक चमत्कारिक कडं पाहिलं आणि नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत ते मांडलं. त्याच परिषदेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी आपापल्या तशाच रुग्णांची हकिगत सांगितली, आणि त्या रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती, हेही सांगितलं. म्हणजे एकाच परिषदेत डोळाही हजर होता आणि मनगटही. या दोहोंच्या मागं महाधमनीची सूज आहे हे उलगडायला मात्र पुढं कित्येक वर्षं गेली. आजाराला नाव मिळालं ते डोळा पाहणाऱ्याचं.

मनगटाला नाडी न लागणं हे या आजाराचं पाठ्यपुस्तकी चित्र. पण रुग्ण त्या चित्रात बसूनच येतो असं नाही. महिनोन्‌महिने न उतरणारा बारीक ताप आणि घटणारं वजन, एवढंच घेऊन कुणी येतं. पंचविशीतल्या मुलीला अचानक पक्षाघात होतो. शाळकरी मुलाचं बीपी वाढलेलं सापडतं. मानेच्या एका बाजूला, नेमकं धमनीवर, दुखत राहतं. पायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात आणि त्वचारोगतज्ज्ञाकडं जाणं होतं. महाधमनीची झडप गळू लागून दम लागतो. गरोदरपणात बीपी चढतं आणि ते गरोदरपणाचंच म्हणून सोडून दिलं जातं. केस विंचरताना किंवा दोरीवर धुणं वाळत घालताना हात भरून येतो, खाली घेतला की बरं वाटतं; या तक्रारीसाठी तर बाई डॉक्टरकडं जातच नाही. यांतल्या बऱ्याच गोष्टींना वैद्यकीय नियतकालिकांत अनोखं रूप म्हणतात. अनोखं कुणाच्या हिशेबानं? मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध केला. अशा कामातून आणि पुढच्या भारतीय अभ्यासांतून हे दिसत गेलं, की जपानी रुग्णांत मान आणि हातांकडं जाणाऱ्या शाखा अधिक सापडतात, तर आपल्याकडं पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अधिक. म्हणून आपल्याकडं हा आजार वारंवार येतो तो वाढलेल्या रक्तदाबाच्या रूपात, आणि पुरुषांचं प्रमाणही जपानपेक्षा जास्त असतं. जे तिकडं अनोखं ते इथं नेहमीचं. अनोखेपण आजारात नसतं. ते आपल्या अपेक्षेत असतं आणि ती अपेक्षा कुठल्या गावात घडली यावर अवलंबून असतं.

जैन तर्कशास्त्रात वस्तूच्या एका अंगाकडून घेतलेल्या ज्ञानाला नय म्हणतात. नय खोटा नसतो. तो खोटा होतो तेव्हा, जेव्हा तो बाकीच्या अंगांना नाकारतो. मग त्याला दुर्नय म्हणतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आणि १९३५ साली कुन्दकुन्दांच्या 'प्रवचनसारा'ची विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी पुढं १९७१ मध्ये सिद्धसेनांचा 'न्यायावतार' आणि इतर कृतीही संपादित केल्या. या सिद्धसेनांनी 'सन्मतितर्का'त एक दृष्टान्त दिला आहे. निरनिराळी रत्नं कितीही मौल्यवान असली, तरी सुटी असताना त्यांना रत्नावली म्हणत नाहीत. योग्य जागी ओवली गेली की ते नाव मिळतं, आणि मग सुट्या रत्नांची आपापली नावं मागं पडतात. या दृष्टान्तात जे आहे ते आपल्या सलोख्याच्या अर्थात नाही. इथं प्रत्येक रत्न खरं असणं पुरत नाही. आता रुग्णाची फाईल उघडा. त्यात चष्म्याचा नंबर न बदलता दिसणं अंधुक झाल्याची नोंद आहे, खांद्याच्या एक्स-रेमध्ये काही सापडलं नाही असा शेरा आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, शरीरातली सूज सुचवणारा ईएसआर वाढलेला आहे, बीपीची गोळी चालू केली आहे, चक्कर येते म्हणून कानाची तपासणी केली आहे. एकही कागद खोटा नाही. प्रत्येक डॉक्टरनं आपल्या अंगाचं प्रामाणिकपणे पाहिलं. तरी आजार सापडला नाही, कारण दोरा कुणाच्याच हातात नव्हता. सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, एवढ्यावर थांबणारा अनेकान्त या फाईलला मान्यता देऊन मोकळा होईल. सिद्धसेनांचा अनेकान्त तिला अपुरी ठरवेल.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट इथं कुणालाही आठवेल. मला ती या कामाला कमी पडते असं वाटतं. त्या गोष्टीत अख्खा हत्ती पाहणारा एक डोळस माणूस बाहेर उभा असतो आणि त्याच्या जोरावर आंधळ्यांच्या चुका आपल्याला कळतात. जैन विचारात ती जागा सर्व काही जाणणाऱ्या केवलज्ञानी पुरुषाची, केवलीची आहे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा कुठल्याही खासगी दवाखान्यात केवली बसलेला नसतो. सीटी अँजिओग्राफी पाहणारा रेडिओलॉजिस्टही केवली नाही. त्याला वाहिनीचा आकार दिसतो, भिंतीत आत्ता सूज धगधगते आहे की विझली आहे हे त्याला नेहमी सांगता येत नाही. दुर्नयातून बाहेर पडण्याचं काम अपुरं पाहणाऱ्यांनाच करायचं आहे. म्हणून त्यांना बाहेरच्या डोळस साक्षीदाराऐवजी एका रीतीची गरज असते, आणि अनेकान्त ती रीत पुरवतो. कोणतंही विधान करताना ते कोणत्या द्रव्याविषयी, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या काळी आणि कोणत्या भावात खरं आहे, हे सोबत सांगायचं. सांगितलं नाही, तर ते विधान पुरं झालं नाही असं समजायचं.

यावर सर्वांत जुना आणि सर्वांत भेदक आक्षेप आहे तो शंकराचार्यांचा. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात दुसऱ्या अध्यायात ते म्हणतात, की असणं आणि नसणं असे विरुद्ध धर्म एका वस्तूत एकाच वेळी राहू शकत नाहीत. आणि वस्तू अशीही आहे, तशीही आहे असं म्हणणारं ज्ञान संशयासारखंच अनिश्चित ठरतं, त्याच्या आधारानं शिकवणार कोण आणि वागणार कोण? वैद्यकात हा आक्षेप अधिकच टोचतो. डॉक्टरला चिठ्ठीवर औषध लिहायचं असतं. ताप, घटलेलं वजन आणि क्षयाच्या सुईच्या चाचणीला आलेली सूज पाहून क्षयाचा उपचार सुरू करायचा, की स्टेरॉईड? क्षय असताना नुसतं स्टेरॉईड दिलं तर क्षय भडकेल. ताकायासू असताना नुसता क्षयाचा उपचार केला तर तेवढे महिने धमनी बुजत जाईल. अशा वेळी दोन्ही बाजूंनी बोलणारं तत्त्वज्ञान काय कामाचं? उत्तरासाठी रक्तदाबाचंच उदाहरण घेतो. समजा, डाव्या हाताला पट्टा बांधला आणि वरचा आकडा ९० आला, उजव्या हाताला १०० आला. रुग्ण डोकं दुखतं म्हणतो आहे, पण बीपी कमी आहे, मग मीठ-साखरेचं पाणी घ्या, असं सांगून त्याला घरी पाठवता येईल. आता तोच पट्टा मांडीला बांधला आणि आकडा २०० आला. दोन्ही हातांकडं जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळं हातात दाब पोचत नाही. महाधमनीत आणि हृदयावर मात्र तो २०० च्या आसपासच आहे. दाब कमी आहे आणि दाब जास्त आहे, ही दोन विधानं शंकराचार्यांना विरुद्ध दिसतील, आणि क्षेत्र न सांगता केली तर ती विरुद्ध आहेतच. हाताच्या ठिकाणी कमी, महाधमनीच्या ठिकाणी जास्त, असं म्हटल्यावर विरोध उरत नाही आणि निर्णयही डळमळत नाही. उलट तो इथंच पक्का होतो: बीपीची गोळी हवी, आणि यापुढं या रुग्णाचं बीपी हातावर मोजून विश्वास ठेवायचा नाही. विधानाला अटी जोडल्यानं ज्ञान सैल होत नाही. अट न जोडता केलेलं ठाम विधान इथं माणसाला पक्षाघातापर्यंत नेऊ शकतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येईल आणि तो मी हलका मानत नाही. दुर्मीळ आजार दुर्मीळच असतात. डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णात ताकायासू शोधायला लागलं तर दवाखाना चालणार नाही, आणि राधानगरी-गगनबावड्याकडून एसटीनं आलेल्या माणसाला स्कॅनसाठी मिरज-पुण्याच्या फेऱ्या मारायला लावणं हा अन्याय होईल. खरं आहे. पण प्रत्येक वेळी सगळे नय तपासा असं अनेकान्त सांगत नाही. कामापुरता एक नय धरून चालायला त्याची पूर्ण मुभा आहे. बाकीचे नय मेले असं समजायला मनाई आहे. जी गोष्ट आपल्या निदानात बसली नाही ती कागदावर तशीच, न बसलेली म्हणून, लिहून ठेवणं एवढी त्याची किमान मागणी आहे. आणि या आजारात ओवण्याच्या कामाची सुरुवात फार स्वस्त आहे. दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी दाबून पाहणं, दोन्ही हातांचं बीपी मोजणं, मानेवर, गळपट्टीच्या हाडामागं आणि बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून अरुंद वाहिनीतून जाणाऱ्या रक्ताचा फुस्स-फुस्स आवाज ऐकणं. याला दोन-चार मिनिटं लागतात. १९९० साली अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं जे सहा निकष ठरवले त्यांतले बरेचसे अशाच तपासणीतून हाती येतात: दोन हातांच्या दाबातला १० हून अधिक फरक, दंडातली मंद नाडी, वाहिनीवरचा आवाज. सहांपैकी तीन जुळले की २०२२ पर्यंत रुग्ण त्या वर्गात धरला जाई. पण हे निकष संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करायला बनवले होते, निदानाचे नियम म्हणून नव्हेत. ते निदानाचे नियम म्हणून वापरले, की दोनच निकष जुळणारी मुलगी आजारी नाही असं ठरतं. अवजारासारखा वापरायचा नय दुर्नय होतो तो असा.

याहून खोल शंका अशी, की इतकी रूपं आहेत तर आजार तरी एकच आहे कशावरून? कदाचित ताकायासू हे चार-पाच वेगळ्या व्याधींवर चिकटवलेलं एक लेबल असेल. शंका रास्त आहे. जायंट सेल आर्टरायटिस हा मोठ्या वाहिन्यांचा दुसरा दाह पन्नाशीनंतर होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंतल्या भिंती इतक्या सारख्या दिसू शकतात की मधली सीमा पुष्कळदा वयानंच आखलेली असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही या प्रश्नाची जाणीव आहे: प्रत्येक विकाराला ठरलेलं नाव नसतं, तेव्हा नाव सांगता न आल्याची वैद्यानं लाज बाळगू नये, कारण, स्थान आणि प्रकृती ओळखून उपचाराला लागावं, अशा आशयाचं तिथं म्हटलं आहे. मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो. तरी मी एकत्वाची कल्पना सोडणार नाही. जैन विचारात द्रव्य टिकतं आणि पर्याय, म्हणजे त्याच्या अवस्था, बदलत जातात. उपजणं, नाहीसं होणं आणि टिकणं ही तिन्ही मिळून सत्. ताकायासूत सुरुवातीला ताप आणि थकवा असतो, नाड्या शाबूत असतात. मग वाहिनीवर दुखतं. मग नाडी जाते आणि तापही जातो. पहिल्या आणि शेवटच्या अवस्थेत एकही लक्षण समान नसू शकतं. त्यांना एक म्हणण्याचा आधार लक्षणांत नाही. भिंतीतली तीच सूज, चित्रात दिसणारी तीच ठिकाणं आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांत तो आहे. हा आधार उद्या खोटा पडू शकतो. पडला तर द्रव्याविषयीचं आपलं विधान बदलायचं. पण आज तो धरल्याशिवाय ओवायला दोराच राहत नाही.

आता कर्माचा प्रश्न, कारण आपल्याकडं दुखण्याचा विचार त्याच्यापाशी आल्याशिवाय राहत नाही. तिशीच्या मुलीची नाडी हरवते तेव्हा घरात कुणीतरी भोग म्हणतं, कुणी नशीब म्हणतं, आणि जैन घरात असातावेदनीय, म्हणजे दुःख भोगायला लावणाऱ्या, कर्माचा उदय म्हणतं. कर्मसिद्धान्त हा जैन दर्शनाचा कणा आहे. तो नाकारून अनेकान्तावर बोलणं अप्रामाणिक होईल. पण याच दर्शनात सिद्धसेन काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ अशी पाच कारणं मांडतात, आणि यांतल्या कुठल्याही एकालाच कारण मानणं हे मिथ्यात्व, पाचांना मिळून मानणं हे सम्यक्त्व असं सांगतात. म्हणजे, 'तिचं कर्म' एवढंच म्हणून थांबणारा माणूस श्रद्धाळू वाटला, तरी त्याच्याच आचार्यांच्या कसोटीवर चुकतो. यावर कुणी म्हणेल, की कर्माच्या कल्पनेनं माणसाला धीर येतो, तो का काढून घ्यावा? धीर काढून घेऊ नये. रुग्ण स्वतः तो आधार घेत असेल तर डॉक्टरनं त्याची टिंगल करण्याचं काहीच कारण नाही. 'मलाच का' या प्रश्नाला एचएलए-बी५२ हे उत्तर नव्हे, आणि ते उत्तर म्हणून पुढं करणं हाही एकान्तच, म्हणजे एकांगीपणाच. पण इतरांनी तिच्या वतीनं कर्माचा हवाला द्यायचा आणि तपासणी लांबवायची, यात धीर कुठं आहे? त्यात पुरुषार्थाचा वाटा तेवढा पुसला जातो. अलीकडं याचं एक नवं रूप फिरतं: राग मनात साठवला म्हणून शरीर स्वतःवर उलटलं. पूर्वजन्माची जागा इथं स्वभावानं घेतली, दोष मात्र रुग्णाच्याच पदरात राहिला. आणि या आजारात रुग्ण बहुधा तरुण बाई असते हे विसरून चालणार नाही. 'हात भरून येतो' हे तिचं वाक्यही एक नय आहे, फाईलमधला पहिला आणि अनेकदा सर्वांत अचूक. टेन्शन आहे, रक्त कमी आहे, असं म्हणून सर्वांत आधी तोच टाकून दिला जातो. चरकाच्या परंपरेतही काही गोष्टी रुग्णाला विचारूनच कळतात असं मानलं आहे. अनेकान्ताच्या नावानं भाषणं करणाऱ्या समाजानं घरातल्या सुनेचं हे वाक्य ऐकून घेतलं नाही, तर त्या भाषणांना मी काडीचंही महत्त्व देणार नाही.

उपचार सुरू झाल्यावर सर्वांत कठीण प्रश्न येतो. स्टेरॉईड, मेथोट्रेक्सेट, जमलं तर टोसिलिझुमॅबसारखं महागडं इंजेक्शन. ताप गेला, ईएसआर उतरला, बाई कामाला लागली. ती विचारते, गेला का आजार? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ६० रुग्णांचा जो अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी आजार शांत आहे असं ज्यांच्याविषयी मानलं होतं, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांच्या धमनीच्या तुकड्यात सूज चालूच असल्याचं आढळलं. रक्ताची तपासणी शांत, भिंत अशांत. सप्तभंगी म्हणजे विधान करण्याच्या जैन तर्कातल्या सात रीती; तिच्यातला अवक्तव्य हा भंग नेमका अशा जागेसाठी आहे: असणं आणि नसणं एकाच दमात विचारलं, तर त्याला एका शब्दात उत्तर नाही. पण अवक्तव्य म्हणजे गप्प बसणं नव्हे. सात भंगांत तो एक भंग आहे आणि बाकीचे सहा त्याच्या बाजूला उभे आहेत. 'बरी झालीस' म्हटलं तर गोळ्या बंद होतील आणि आजार उलटेल. 'हा जन्माचा आहे' म्हटलं तर स्टेरॉईडचा डोस उतरवायचं धाडस कुणी करणार नाही आणि हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल. तिला सांगायचं ते असं: ताप आणि रक्ताच्या तपासणीच्या बाजूनं आज आजार नाही, डाव्या हाताच्या धमनीच्या बाजूनं त्याची खूण कायमची आहे, महाधमनीच्या भिंतीत तो आत्ता आहे की नाही हे आज सांगता येत नाही, म्हणून गोळी हळूहळू उतरवू, दर भेटीत चारही हातापायांचं बीपी मोजू आणि ठरल्या वेळी पुन्हा चित्र काढू, मधे हात भरून आला, मान दुखली, बारीक ताप आला, तर तारखेची वाट न पाहता यायचं.